रंगीत पानांची नवी जात

बागेचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें प्रथम फुलें उभीं राहतात. गुलाब, मोगरा, शेवंती यांचें कौतुक चालू असतां पानांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तरीपण शहरांतल्या सज्ज्यांत आणि जिन्याजवळच्या कुंड्यांत, फुलांसाठीं नव्हे तर केवळ पानांच्या रंगासाठीं लावलेलें एक झाड आपण पुष्कळांनीं पाहिलें असेल. कोठें गर्द तांबड्या पानाला पिवळी किनार, कोठें पोपटी पानाच्या मध्यभागीं जांभळा डाग, तर कोठें एकाच पानावर चार रंगांची सरमिसळ. यालाच कोलियस म्हणतात. याच्या नव्या नव्या जाती सारख्या बाजारांत येत असतात. अशी जात जन्मास कशी येते आणि जन्मास आल्यावर ती टिकते कशी, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे. त्यांतला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. कारण त्याचें उत्तर बरेंचसें आपल्याच हातीं आहे.

आधीं या झाडाचें कुळ पाहूं. कोलियसची कोंवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. ती वाटोळी नसून चौकोनी असल्याचें जाणवेल. पानें समोरासमोर जोडीनें येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर तिच्यावरची दक्षिणोत्तर. शेंड्याला शेवटीं मंजिरी येते. हीं सारीं लक्षणें आपल्या अंगणांतल्या तुळशीचीं होत. लिनीअस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६३ सालीं या झाडाला शास्त्रीय नांव दिलें, तेव्हां त्यानें तें तुळशीच्याच वंशांत घातलें होतें. पुढें त्यासाठीं कोलियस हा निराळा वंश मानण्यांत आला. या ग्रीक शब्दाचा अर्थ म्यान. फुलांतील पुंकेसरांचे तंतू एकमेकांस जुळून म्यानासारखी नळी होते, म्हणून हें नांव. मध्यंतरीं शास्त्रज्ञांनीं नांव दोन-तीनदां बदललें. परंतु २०१९ सालीं कोलियस हेंच नांव पुनः प्रतिष्ठित झालें. ज्याच्या पानांचीं भजीं आपण आवडीनें खातों तो पानओवा आणि ज्याच्या मुळांचें लोणचें घालतात तो माइनमुळा हे दोघेही याच वंशांतले. तेव्हां हा रंगीत पाहुणा वाटतो तितका परका नाहीं.

त्याचें मूळ घर आशियाच्या उष्ण प्रदेशांत, आग्नेय आशियापासून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलें आहे. जावा बेटांतून तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यूरोपांत पोंचलें आणि तेथील बागवानांना त्यानें वेड लावलें. लंडनजवळ चिझिक येथें रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेंत या झाडाच्या निरनिराळ्या प्रकारांचा संकर करण्यांत आला आणि १८६८ सालीं त्यांतून निघालेल्या नव्या जातींचा जाहीर लिलाव झाला. गालिच्यासारखे रंगीबेरंगी वाफे आंखण्याची त्या काळीं चाल होती. तीस हें झाड फार सोयीचें पडलें.

आतां हे रंग येतात कोठून? पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, हें आपण जाणतां. त्याच्या सोबतीला पिवळीं द्रव्यें असतात. हरितद्रव्य कमी पडलें कीं तीं उघडीं पडतात. तांबडा व जांभळा रंग अँथोसायनिन नांवाच्या द्रव्याचा असतो. जांभळाच्या आणि तांबड्या कोबीच्या रंगाचें मूळही तेंच. जेथें हरितद्रव्याच्या जोडीला हें द्रव्य दाट सांठतें तेथें पान काळसर दिसतें. जेथें कोणतेंच द्रव्य नाहीं तेथें तें पांढुरकें दिसतें. कोणतें द्रव्य पानाच्या कोणत्या भागांत किती व्हावें, हें वंशपरंपरेनें आलेल्या गुणांवर ठरतें. ऊन आणि उष्णमान त्यांत थोडाफार फरक करतात.

हे गुण बीजांतून जसेच्या तसे उतरत मात्र नाहींत. माणसाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. लागवडींतल्या कोलियसमध्यें ते बहुधा चार असतात. त्यामुळें एका झाडाचें बीं पेरलें तर शंभर रोपांच्या शंभर तऱ्हा निघतात. नवी जात काढणाराचें भांडवल हेंच. अमेरिकेंतील फ्लॉरिडा विद्यापीठांत या शतकाच्या आरंभापासून हें काम पद्धतशीरपणें चालू झालें. त्याची रीत मोठी बोधप्रद आहे. चांगल्या गुणांचीं झाडें शेजारीं शेजारीं लावतात, मधमाशांना आपलें काम करूं देतात आणि मग बीं गोळा करून पेरतात. हजारों रोपांतून रंग पाहून थोडीं ठेवतात, बाकीचीं टाकून देतात. राखलेल्या रोपांचे फांटे मूळ धरतात कीं नाहीं, तें पाहतात. मग तीं भर उन्हांत आणि पावसांत उघड्यावर लावून त्यांची कसोटी घेतात. पुष्कळ जुन्या जाती प्रखर उन्हांत फिक्या पडत. म्हणून ऊन सोसण्याचा गुण मुद्दाम शोधतात. शिवाय मंजिरी लवकर येणारें झाडही बाद होतें. कारण मंजिरी आली कीं झाडाचें बळ बियांकडे वळतें आणि नवी पालवी मंदावते. अशा चाळणींतून अखेरीस हजारांत एखादें रोप उरतें. नवी जात कोणी घडवितो असें म्हणण्यापेक्षां, ती असंख्य रोपांतून पारखून घेतो, असें म्हणणें अधिक खरें.

याहून निराळा असा एक मार्ग निसर्ग स्वतःच दाखवितो. जुन्या झाडाच्या एखाद्याच फांदीवर कधीं कधीं निराळ्या रंगाचीं पानें येतात. वाढत्या शेंड्यांतील एखाद्या पेशींत अकस्मात् बदल झालेला असतो. ती फांदी तोडून लावली कीं कदाचित् एक नवीच जात हातीं येते. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या पानाच्या थरांत दोन प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात, अशा झाडावर केव्हां केव्हां निव्वळ हिरवी फांदी फुटते. हिरव्या फांदीत हरितद्रव्य अधिक, म्हणून ती जोमानें वाढते. वेळींच ती काढली नाहीं तर रंगीत फांद्या मागें पडून कुंडींत साधें हिरवें झाड उरतें.

येथेंच आपण दुसऱ्या प्रश्नाशीं येऊन ठेपलों. निवडलेलें रोप बियांनीं तसेंच्या तसें वाढत नाहीं. तें केवळ फांटे लावूनच राखतां येतें. जगांत त्या जातीचीं लाखों झाडें असलीं तरी तीं सारीं त्या एकाच रोपाचे तुकडे होत. फांटा लावणारा हात थांबला कीं जात संपली. गेल्या शतकाआधींच्या कितीएक जातींचीं आज नांवें मात्र जुन्या सूचिपत्रांत उरलीं आहेत. यूरोपांतल्या हिंवाळ्यांत हें झाड उघड्यावर जगत नाहीं. तेथें कांचघर थंड पडलें किंवा माळी सोडून गेला, कीं एका रात्रींत जात नाहींशी होई.

सारीं झाडें एकाच रोपाचीं असण्यांत आणखी एक धोका आहे. जो रोग एकाला, तो सर्वांना. २००५ सालीं अमेरिकेंत कोलियसवर केवडा या रोगाचा प्रादुर्भाव दिसून आला आणि तेव्हांपासून रोगास तोंड देणाऱ्या जाती शोधणें हेंही संशोधकांचें एक काम होऊन बसलें.

नव्या जातीवर हक्क कोणाचा, हाही प्रश्न आतां पुढें आला आहे. अमेरिकेंत १९३० च्या कायद्यानें फांट्यांनीं वाढणाऱ्या नव्या जातीचें पेटंट घेतां येऊं लागलें. तेथें अशा जातीचे फांटे परवानगीवांचून लावतां येत नाहींत. आपल्या देशांत २००१ चा वाणसंरक्षणाचा कायदा आहे. त्याखालीं नोंद होण्यास जात नवी, इतरांहून वेगळी, एकसारखी आणि स्थिर असावी लागते. त्याच कायद्यानें शेतकऱ्यांचे बियाणें राखण्याचे व देवघेवीचे हक्कही मान्य केले आहेत. हजारों रोपें पारखणाऱ्याच्या श्रमांस मोल मिळावें, हें न्याय्यच आहे. परंतु शेजारणीनें शेजारणीला कागदांत गुंडाळून दिलेल्या फांट्यानेंच कितीतरी जुन्या जाती जगल्या, हेंही विसरून चालणार नाहीं. ज्या जातीवर कोणाचा हक्क उरलेला नाहीं, ती वांचविण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे.

तेव्हां आपल्या घरीं आवडता कोलियस असेल तर चार गोष्टी कराव्या. सकाळचें कोंवळें ऊन द्यावें. जातीला सोसत असल्याची खात्री असल्याखेरीज वैशाखाच्या दुपारीं तिला उघड्यावर ठेवूं नये. माती ओलसर असावी, पण कुंडींत पाणी सांचूं देऊं नये. मंजिरी दिसतांच शेंडा खुडावा, म्हणजे झाड खालून फुटून दाट होतें; निव्वळ हिरवी फांदी आली तर ती बुडापासून काढावी. आणि सर्वांत मुख्य, दर वर्षी झाड जून होण्यापूर्वीं बोटभर लांबीचे दोन-तीन फांटे तोडून, खालचीं पानें काढून, पाण्याच्या पेल्यांत ठेवावे. एक-दोन आठवड्यांत मुळ्या फुटतात. त्यांतला एक आपण लावावा आणि जात कोणाच्या हक्कांतली नसेल तर दुसरा कोणास तरी द्यावा. आपल्या कुंडींतलें झाड कधीं काळीं मेलें, तर तेंच झाड परत मागावयास एक घर तरी ठाऊक असलें पाहिजे.