जुनी गाडी विकताना : हक्काची किंमत, साफ सौदा

घरातली गाडी विकण्याची वेळ सहसा निवांतपणी येत नाही. मुलीचे लग्न ठरलेले असते, मुलाच्या कॉलेजची फी भरायची असते किंवा अब्बांना गुडघ्यांमुळे बुटक्या गाडीत बसणे-उतरणे जमेनासे झालेले असते. घाई असते आणि समोरच्या व्यापाऱ्याला ती लगेच दिसते. मग वर्षानुवर्षे जपलेली गाडी पंचवीस-तीस हजार कमी घेऊन दिली जाते. सामान्य कुटुंबासाठी ही रक्कम छोटी नाही.

दुसरी बाजूही आहे. "ऐब सांगितला तर गिऱ्हाईक पळेल" म्हणून गप्प बसणारेही आपल्यातच आहेत. आपला हक्क सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा मारायचा नाही, हे दोन्ही जमवता येते. कसे, ते आपण पाहू.

किंमत कशी ठरते?

आपण गाडी कितीला घेतली होती, कर्ज किती उरले आहे, याच्याशी बाजाराला देणेघेणे नसते. तीच गाडी आज नवी कितीला मिळते, यावरून हिशोब सुरू होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा जुन्यांचे भावही खाली ओढले गेले. त्यानंतर पाहिले जाते ते उत्पादनाचे वर्ष, किलोमीटर, किती हात बदलले, सर्व्हिसची नोंद आणि अपघात झाला का. जानेवारी उजाडताच गाडी कागदोपत्री एका वर्षाने जुनी होते, म्हणून विकायचीच असेल तर डिसेंबर उलटू देऊ नये.

एकाच आठवड्यात किमान तीन ठिकाणी भाव काढावा : कंपनीचे शोरूम, जुन्या गाड्यांचा व्यापारी आणि घरी येऊन गाडी पाहणारी ऑनलाइन कंपनी. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. फोनवर सांगितलेला आकडाही खरा धरू नये. गाडी पाहिल्यावर जो आकडा लेखी मिळतो, तोच खरा.

एक्सचेंजचे गणित

शोरूममध्ये नवी गाडी घेताना जुनी दिली की दोन सौदे एकात मिसळतात आणि इथेच गफलत होते. समजा, नव्या गाडीची किंमत ९ लाख आहे. पहिले शोरूम जुनीचे ३ लाख १० हजार देते आणि वर २० हजार एक्सचेंज बोनस. आपल्याला भरायचे उरले ५ लाख ७० हजार. दुसरे शोरूम जुनीचे २ लाख ८५ हजारच देते, बोनस तेवढाच, पण नव्या गाडीवर ४० हजार सूट देते. तिथे भरायचे ५ लाख ५५ हजार. जुन्या गाडीला कमी भाव देणारे शोरूम १५ हजारांनी स्वस्त पडले!

म्हणून आधी नव्या गाडीची सूट पक्की करून घ्यावी, जुनीचा विषय त्यानंतरच काढावा. शेवटी एकच प्रश्न विचारावा : "आमच्या खिशातून एकूण किती जाणार?" गाडी बाहेर विकून, नावावर झालेल्या आरसीची प्रत दिली तर बोनस मिळेल का, हेही विचारावे. अनेक ठिकाणी तो मिळतो.

ऐब लपवू नका, खोटी बोलीही नको

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यापासून वेगळे ठरवले. ही हदीस जुन्या गाडीलाही तंतोतंत लागू पडते. किलोमीटर मागे फिरवणे, पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी करणे, हे त्याच ओल्या धान्याचे प्रकार आहेत.

भाव वाढवण्यासाठी चुलत भावाला खोटे गिऱ्हाईक बनवून फोन करायला लावणे, हेही शरीअतने मना केलेल्या 'नजश'मध्ये मोडते. खरी लेखी बोली हातात असेल, तर ती जरूर दाखवावी.

व्यवहाराच्या दृष्टीनेही खरे सांगणेच फायद्याचे आहे. पुन्हा मारलेला रंग यंत्राने कळतो, सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दुरुस्त्या दिसतात. एक खोटे सापडले की व्यापारी प्रत्येक भागावर संशय घेऊन भाव पाडतो. याउलट "डावा दरवाजा घासला होता, हे बिल" असे म्हटले की चर्चा त्या दरवाजापुरतीच राहते.

गाडी आतून-बाहेरून स्वच्छ करावी, बंद बल्ब आणि वायपर बदलावेत, दुसरी चावी, जॅक, स्टेपनी आणि सर्व्हिसची बिले एकत्र ठेवावीत. मोठ्या डेंटिंग-पेंटिंगवर मात्र खर्च करू नये, तो सहसा वसूल होत नाही.

पैसा आणि कागद

कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्यावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नयेत. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवत असाल, तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार त्याची सूचना परिवहन खात्याला ऑनलाइन देता येते.

हे किती गंभीर आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालावरून कळते. एकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. पुढे ती अनेकांच्या हातून फिरली, पण नोंदणीतले नाव बदललेच नाही. २००९ मध्ये त्या गाडीने जीवघेणा अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावर टाकली.

रोखीने दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. पैसे बँकेतून घ्यावेत आणि पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच चावी द्यावी. देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पोच, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. उधारी लिहून ठेवा आणि सौद्याला साक्षीदार ठेवा, ही तर कुरआनचीच शिकवण आहे (सूरह बकरा, आयत २८२). नात्यातल्या माणसाला गाडी देतानाही ती विसरू नये, कारण हप्त्यांवर दिलेली गाडी पुढे नातेही घेऊन जाते.

विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून आपला असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे, ते तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. जुने ई-चलान भरून टाकावेत आणि फास्टॅग बंद करावा, नाहीतर दुसऱ्याचा टोल आपल्या खात्यातून जाईल.

पैसे मिळाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. महिनाभराने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहावा. आपले नाव तिथून उतरलेले दिसले, तेव्हाच सौदा पूर्ण झाला.