द्विइंजिनी रेडिओ-नियंत्रित विमान प्रतिकृतीचे विद्युत रूपांतर

द्विइंजिनी रेडिओ-नियंत्रित विमान प्रतिकृतीचे विद्युत रूपांतर म्हणजे इंधनावर चालणारी दोन छोटी इंजिने काढून त्यांच्या जागी दोन ब्रशविरहित मोटरी, त्यांचे स्पीड कंट्रोलर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी बसविणे होय. विजेवर उडणारी प्रतिकृती ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी १९५७ साली 'रेडिओ क्वीन' ही प्रतिकृती विजेवर उडविली होती. तथापि वजनाने हलक्या लिथियम बॅटऱ्या सहज मिळू लागल्यानंतरच असे रूपांतर सर्वसामान्य हौशी मंडळींच्या आवाक्यात आले.

रूपांतराचे कारण

अशा प्रतिकृतींत प्रामुख्याने मिथेनॉल, तेल व नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारी ग्लो इंजिने असतात. अशी दोन इंजिने एकसारखी चालविणे हे कसबाचे काम आहे. हवेत एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याचा रेटा विमानाला बंद इंजिनाच्या बाजूस वळवितो. वेग कमी असेल तर सुकाणू अपुरे पडते, त्या बाजूचा पंख खाली जातो आणि विमान गिरकी घेत कोसळते. अशा वेळी घाबरून चालू इंजिनाची शक्ती वाढविणे सर्वांत घातक. शक्ती कमी करून नाक खाली घेणे हाच खरा उपाय. एकाच बॅटरीवरील दोन मोटरी मात्र बॅटरी उतरताना बरोबरीनेच मंदावतात. सैल जोड किंवा निसटलेला प्रोपेलर यांचा धोका अर्थातच उरतो.

शक्तीचे गणित

साधारण हौशी उड्डाणासाठी दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे २२० वॅट हा ढोबळ आडाखा वापरतात. ४ किलोग्रॅमच्या प्रतिकृतीस त्यानुसार ८८० वॅट, म्हणजे प्रत्येक मोटरीस ४४० वॅट लागतील. चार घटांच्या १४.८ व्होल्ट बॅटरीवर प्रत्येक मोटर सुमारे ३० अँपिअर ओढेल; बॅटरीवरील भार मात्र ६० अँपिअर होईल. नवशिक्यांच्या नजरेतून नेमकी ही बेरीज सुटते. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी या भाराने पाच मिनिटांत रिकामी होईल, आणि ती पूर्ण रिकामी करणे तिच्या आयुष्यास हानिकारक असते. प्रत्यक्षात सर्व वेळ पूर्ण शक्ती लागत नाही.

जोडणी

जुन्या प्रतिकृतीत इंजिनामागील लाकडात तेल मुरलेले असते. ते स्वच्छ केल्याशिवाय त्यावर नवा डिंक धरत नाही व मोटरीचा आधार उखडू शकतो.

अनेक स्पीड कंट्रोलर रिसीव्हरलाही सुमारे ५ व्होल्टचा पुरवठा करतात. असे दोन पुरवठे एकत्र येऊ नयेत म्हणून सहसा एका कंट्रोलरच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी मधली लाल तार सोडवून गुंडाळून ठेवतात. पंखातील अंतरामुळे तारा लांबवाव्या लागल्यास कंट्रोलर व मोटर यांमधील लांबवाव्यात; बॅटरीकडील तारा लांबविल्यास कंट्रोलरमधील कपॅसिटरवर ताण येतो.

मोटरीच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलट फिरते. त्यामुळे पी-३८ लाइटनिंगसारख्या, परस्परविरुद्ध फिरणारे प्रोपेलर असलेल्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करणे सोपे जाते. उलट फिरणाऱ्या मोटरीस उलट पिळाचाच प्रोपेलर लागतो.

बॅटरी धडात अशा ठिकाणी बसवितात की गुरुत्वमध्य मूळ आराखड्याप्रमाणेच राहावा. इंधन जळत गेले की टाकी हलकी होते. बॅटरीचे वजन उड्डाणभर तेवढेच राहते. चार्जिंगसाठी ती बाहेर काढता यावी म्हणून धडाला झाकण ठेवतात.