धंदेशिक्षणाची निवड आणि सल्लागाराचे काम

मुलाची गुणपत्रिका पाहून एखाद्या संस्थेचे नाव सांगावे, म्हणजे व्यवसाय-मार्गदर्शन झाले, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. वस्तुतः हे काम याहून अवघड आहे. १९०८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी काढली. त्यांचा क्रम साधा होता : मुलाने आधी स्वतःला ओळखावे, मग धंदा ओळखावा आणि मगच दोहोंचा मेळ घालावा.

महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू झाली होती. अशा चाचणीने आवड कळते. परंतु घरात मिळवते हात किती, कमाईवाचून दोन वर्षे निघतील काय, हे कळत नाही. ते विचारावे लागते. आणि तेही मुलाला एकट्याला घेऊन, कारण बापासमोर तो बापाचीच आवड सांगतो.

आता धंद्याविषयी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कागदावर जोडारी, संधाता, वीजतंत्री असे शब्द असतात. म्हणजे फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन, हेही पुष्कळांना सांगावे लागते. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, बाकी दोन्ही दोन वर्षांचे. पण एवढ्याने धंदा कळत नाही. फिटरला वाइसपुढे तासन् तास उभे राहून कानस चालवावी लागते. वेल्डरने काचेवाचून ठिणगीकडे पाहिले, तर रात्री डोळ्यांची आग होते. वीजतंत्र्याला तारांचे रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी मुलाला एकदा वर्कशॉप दाखवावे. मुलीलाही दाखवावे, तिला न विचारता शिवणकाम सुचवू नये.

यापुढची गोष्ट आम्हां संघटनेतल्या माणसांना रोज दिसते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे उमेदवार हा कामगार गणला जात नाही. त्याला पगार नसतो, विद्यावेतन असते. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. करारात तशी अट असेल तरच ते येते. मात्र कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क उमेदवारालाही आहे, आणि २०१४ च्या दुरुस्तीने धोकादायक उद्योगांत उमेदवारीचे किमान वय १८ वर्षे ठरले आहे.

कारखान्याच्या फाटकावर भेटणाऱ्या पोरांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते. "आम्हांला पर्मनंट कधी करणार?" असे ती मुदत संपल्यावर आम्हांला विचारतात. हा प्रश्न सहीपूर्वीचा आहे. मुलगा अल्पवयीन असेल तर ती सही पालकाची असते. तेव्हा करार वाचण्याचे कामही पालकाचेच. वाचता येत नसेल तर सल्लागाराकडून वाचून घ्यावा. धंदा सुचवणारा जो सल्लागार कराराचा कागद समजावून देत नाही, त्याने आपले अर्धेच काम केले, असे आम्ही समजतो.