विश्लेषण : आधुनिकीकरणाच्या लाटेत जपानची लाकडी ठशांची चित्रकला कशी टिकली?

जपानने ३ जुलै २०२४ रोजी चलनात आणलेल्या हजार येनच्या नव्या नोटेवर कात्सुशिका होकुसाईची जगप्रसिद्ध ‘महालाट’ आहे. हे चित्र कॅनव्हासवर रंगवलेले नव्हते. लाकडी ठशांवरून कागदावर छापलेले आणि दुकानात स्वस्तात मिळणारे ते चित्र होते. आज ते राष्ट्राची ओळख ठरले असले, तरी दीडशे वर्षांपूर्वी हीच कला मोडीत निघण्याच्या बेतात होती. तिच्यावर संकट आणणाऱ्या बदलांत आधुनिक नोटांची छपाईही होती. १८६८ ते १९१२ या मेइजी काळात नेमके काय घडले?

ही चित्रे कशी तयार होत?

एदो म्हणजे आजच्या टोकिओत ‘उकियो-ए’ अर्थात ‘तरत्या जगाची चित्रे’ हा भरभराटीचा धंदा होता. नाटकातले नट, सुंदर स्त्रिया, कुस्तीगीर, प्रवासातली ठिकाणे असे त्यांचे विषय असत. साधारण एक वाडगाभर शेवयांच्या किमतीत असे चित्र मिळे.

ते चौघांच्या मेहनतीतून साकारे. प्रकाशक विषय ठरवून पैसे घाली. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवून कोरणारा कारागीर रेषा कोरी, आणि या प्रक्रियेत मूळ रेखाटन नष्ट होई. छपाई कारागीर ओलसर कागद ठशावर ठेवून ‘बारेन’ नावाच्या, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने हातानेच घासे. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. सगळे रंग नेमके जुळावेत म्हणून फळीच्या कडेला ‘केंतो’ ही खूण कोरलेली असे. १७६५ पासून अशी बहुरंगी चित्रे रूढ झाली. नाव मात्र चित्रकाराचे होई. कोरणारा आणि छापणारा बहुतेकदा पडद्याआडच राही.

बदल कधी सुरू झाला?

बाहेरचे वारे मेइजी काळाच्या आधीच आले होते. होकुसाईच्या लाटेतला गडद निळा रंग हा मुळात युरोपातला रासायनिक ‘प्रशियन ब्लू’. १८३० च्या सुमारास तो एदोच्या छपाईत सर्रास वापरला जाऊ लागला. १८५३ मध्ये अमेरिकी नौदल अधिकारी मॅथ्यू पेरी युद्धनौका घेऊन आला आणि १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापाराला खुले झाले. परदेशी माणसे, त्यांचे कपडे, जहाजे पाहण्याची लोकांना भारी उत्सुकता होती. प्रकाशकांनी ती ओळखून ‘योकोहामा चित्रे’ बाजारात आणली.

१८६८ च्या सत्तापालटानंतर विषय आणखी बदलले. १८७२ मध्ये टोकिओ-योकोहामा रेल्वे धावली. विटांच्या इमारती, गॅसचे दिवे, घोडागाड्या चित्रांत दिसू लागल्या. तिसऱ्या हिरोशिगेसारख्या चित्रकारांनी ही ‘सुधारणेची चित्रे’ मोठ्या संख्येने काढली. वनस्पतीजन्य रंगांशेजारी आयात केलेले झगझगीत लाल आणि जांभळे रासायनिक रंग आले. पुढच्या संग्राहकांनी त्यांना भडक म्हणून नाके मुरडली, पण तेव्हाच्या ग्राहकाला तो लालभडक रंगच नव्या युगाची खूण वाटत होता.

छायाचित्रे आणि यंत्रांशी सामना कसा झाला?

आरंभी ठसेचित्रांनी नव्या माध्यमांशी हातमिळवणी केली. १८७४ पासून खून, भूतबाधा, प्रेमप्रकरणे अशा वृत्तपत्री बातम्यांवर रंगीत चित्रपत्रके निघू लागली. ओचिआई योशिइकु आणि त्सुकिओका योशितोशी हे या प्रकारातले आघाडीचे चित्रकार.

१८७५ मध्ये नोटा व तिकिटांच्या छपाईसाठी सरकारने एदोआर्दो किओसोने या इटालियन तंत्रज्ञाला बोलावले. धातूच्या पत्र्यावरील कोरीवकामाचे पाश्चात्त्य तंत्र त्याने जपानी कारागिरांना शिकवले. गंमत अशी की, किओसोनेने स्वतः हजारो जुनी ठसेचित्रे जमवली. आज ती इटलीतल्या जेनोवा शहरात त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत.

कोबायाशी कियोचिकाने १८७६ ते १८८१ दरम्यान टोकिओची दृश्ये ठळक काळ्या रेषांऐवजी उजेड आणि सावलीतून उभी केली. पावसात भिजलेल्या रस्त्यावर सांडलेला दिव्याचा प्रकाश, रात्री धावणारी आगगाडी असा परिणाम लाकडी ठशातून साधणे ही कोरणाऱ्या आणि छापणाऱ्याचीही परीक्षा होती. योशितोशीने उलटी वाट धरली. १८८५ ते १८९२ दरम्यान निघालेल्या ‘चंद्राची शंभर रूपे’ या मालिकेत त्याने जुन्या कथांना नव्या ताकदीने मांडले.

मग उतरण का लागली?

चीनबरोबरच्या १८९४-९५ च्या युद्धात ठसेचित्रांना शेवटची मोठी तेजी आली. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापणे तेव्हा सोपे नव्हते, त्यामुळे तीन-तीन कागदांवर पसरलेली युद्धदृश्ये हातोहात खपली. दहाच वर्षांनी, १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात छायाचित्रे, शिळाछाप आणि पोस्टकार्डांनी बाजार काबीज केला होता. बातमी पोहोचवण्याचे काम हातातून गेले आणि त्याबरोबर रोजचा गिऱ्हाईकही गेला.

काही कारागिरांना कादंबऱ्या आणि साहित्यिक मासिकांच्या आरंभी जोडल्या जाणाऱ्या रंगीत चित्रांनी तारले. काहींनी परदेशी ग्राहकांसाठी जुन्या चित्रांच्या प्रतिकृती कोरल्या. त्याआधीच, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोपात जपानी चित्रांचे वेड पसरले होते. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने हिरोशिगेच्या चित्रांवरून तैलचित्रे केली. घरी किंमत घसरलेला माल बाहेर ‘कला’ ठरत होता.

पुढे दोन वाटा का फुटल्या?

ठसेचित्र बातमी देत नसेल, तर ते कशासाठी? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. १९०४ मध्ये यामामोतो कानाए याने एका कोळ्याचे चित्र स्वतःच काढले, कोरले आणि छापले. चित्रकाराने सगळे स्वहस्ते करणे हीच खरी निर्मिती, असे मानणारी ‘सोसाकु-हांगा’ चळवळ यातून उभी राहिली. कलाकार म्हणजे एकटा निर्माता, ही पाश्चात्त्य कल्पना तिच्या मुळाशी होती.

दुसरीकडे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याने जुनी चौघांची पद्धत टिकवून ‘शिन-हांगा’ म्हणजे नवी ठसेचित्रे काढली. कावासे हासुई, इतो शिन्सुई हे त्याचे चित्रकार. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात वातानाबेचे दुकान आणि ठसे भस्मसात झाले, तरी त्याने नव्याने सुरुवात केली. त्याच्या वाटेने कुशल कारागिरांना काम मिळत राहिले. पहिल्या वाटेने ठसेचित्राला प्रतिष्ठा मिळाली. १९५६ मध्ये व्हेनिस बिएनालेत मुनाकाता शिको याला मुद्राचित्रांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राशी काय नाते?

शिन-हांगातला मोठा चित्रकार योशिदा हिरोशी १९३०-३१ मध्ये भारतात फिरला. ताजमहाल, वाराणसीचा घाट यांच्याबरोबर अजिंठा आणि वेरूळची लेणीही त्याने ठसेचित्रांत आणली. कोरणे आणि छापणे तो जातीने पाहत असे. तेच ठसे वेगळ्या रंगांत छापून एकाच दृश्याचे निरनिराळे प्रहर तो दाखवी. यंत्राने हुबेहूब प्रती निघतात. योशिदाच्या ठशांतून मात्र छापणाऱ्या हातागणिक सकाळ, दुपार आणि रात्र उमटत होती. हे कौशल्य टोकिओ-क्योटोतल्या मोजक्या कार्यशाळांत आजही हातातून हातात शिकवले जाते. ते टिकायचे, तर चित्रकाराच्या नावाइतकेच कोरणाऱ्या आणि छापणाऱ्याच्या मजुरीकडेही पाहावे लागेल.