कृष्णेचा जुना हिशेब, नवा पाऊस

कृष्णेचे पाणी वाटताना बच्छावत लवादाने १९७३ साली ७८ वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी तपासल्या. चारपैकी तीन वर्षे तरी भरवशाने मिळेल असे पाणी निघाले २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट). महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० आले. उद्याचा पाऊस कालच्यासारखाच पडेल, हे त्यामागचे गृहीत. हवामानबदलाने तेच डळमळीत केले. उबदार हवेत बाष्प जास्त मावते, त्यामुळे वर्षाची बेरीज तीच राहूनही पाऊस थोड्या दिवसांत कोसळू शकतो.

खरी पंचाईत होते ती धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्यांची. पावसाळा सरताना कृष्णेच्या खोऱ्यातली कोयना काठोकाठ हवी, कारण वीज आणि शेती तिच्यावर. पण पुरासाठी तिच्यात जागाही मोकळी हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा दोषाचा सारा रोख कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर होता. पुराच्या अभ्यासासाठी राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र अतिवृष्टी आणि नदीकाठच्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. शेजाऱ्याला दोष देणे सोपे, पूररेषेतले बांधकाम हटवणे कठीण!

याच सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी दुष्काळी आहेत. पुराचे पाणी तिकडे न्यायचे तर ते पंपांनी उचलावे लागते. म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे वीजबिल हा तिथला जुनाच वाद.