कंबरेतनं वाका, दादा!

जुलैत पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत, पौडच्या पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं आणि खाचरात वाकलेल्या पाठी. गेल्या पावसाळ्यात हौसेनं चिखलात उतरलो. डाव्या हातात रोपांची मूठ धरून दहा मिनिटं लावणी केली आणि पाठीला हात लावून उभा राहिलो. शेजारच्या मावशी हसल्या. ‘‘दादा, पाठीतनं काय वाकताय? कंबरेतनं वाका!’’

मावशींनी दोन वाक्यांत शरीरशास्त्राचा तास घेतला. त्या म्हणतात ती कंबर म्हणजे खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो आणि मजेत फिरतो. वाकण्याचं काम त्याचं. आपण शहरी माणसं ते मणक्यांवर ढकलतो. जन्मताना मणके असतात ३३, पण खालचे एकमेकांत जुळून जातात आणि मोठ्या माणसाच्या कण्यात २६ हाडं उरतात. मणक्यांमधल्या २३ गाद्या दिवसभर दाबल्या जाऊन त्यांतलं पाणी थोडं पिळून निघतं. त्यामुळे सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी सेंटीमीटरभर कमी भरते. लग्नासाठी उंची सांगायची असेल तर उठल्या उठल्या मोजा.

एकाच तालुक्यात दोन माना

हिंजवडी आणि माण ही आयटीवाली गावंही मुळशी तालुक्यातच येतात, हे तिथं रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. तिथंही माणसं वाकलेलीच, फक्त मानेतून. डोकं भरतं साधारण पाच किलो. ताठ बसलात तर मानेवर भार तेवढाच. मोबाइलसाठी मान ६० अंश खाली घातली तर तोच भार २७ किलोंच्या घरात जातो, असा हिशेब २०१४ मध्ये एका अमेरिकी मणकेतज्ज्ञानं मांडला. म्हणजे तांदळाचं पोतं मानेवर घेऊन रील्स बघायच्या. मानेत मणके अवघे सात. जिराफाच्या मानेतही सातच! त्याचा एकेक मणका लांबलचक असतो, एवढाच फरक.

कंटाळा आला की बोटं कडाकडा मोडायची, आणि आजीनं ओरडायचं, ‘‘संधिवात होईल!’’ आवाज हाडाचा नसतोच. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो होतो. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरनं आईचं असलंच बोलणं खोटं ठरवायला साठेक वर्षं एकाच हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच निघाले, संधिवात कुठल्याच हाताला नाही. २००९ मध्ये त्यांना विनोदी संशोधनाचं ‘इग नोबेल’ मिळालं. एका माणसाच्या दोन हातांवरून आजी काही हार मानणार नाही, हेही खरं.

उतार आणि अक्कल

ताम्हिणीजवळच्या पिंपरीतून अंधारबनाच्या वाटेनं लोक भिऱ्याला उतरतात. मुळशी धरणाचं पाणीही वीज करायला भिऱ्यालाच उतरतं, १९२७ पासून. पाण्याला गुडघे नसतात, हे त्याचं नशीब. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा जास्तच जोर येतो. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात.

या गुडघ्याला आपण अक्कल ठेवायची जागा म्हणून बदनाम केलंय. तान्ह्या बाळाच्या गुडघ्यात वाटीचं हाडसुद्धा नसतं, कुर्चा असते. ती हाडात बदलायला लागते साधारण तीन वर्षांनंतर. रांगायला ते बरंच! मांडी घालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या आपल्या लोकांचा गुडघा परदेशी साच्यात बसेना, म्हणून पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी ‘इंडस’ नावाचा देशी कृत्रिम गुडघा घडवला.

हाड म्हणजे वाळकं लाकूड, असं वाटत असेल तर आतल्या मगजाकडे बघा. तिथं दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर झाल्या असतील. आणि सगळ्यात छोटं हाड कानात, रिकिबीच्या आकाराचं, जेमतेम तीन मिलिमीटर. मुळशीच्या आंबेमोहराचा दाणाही त्यापुढे लांब वाटेल.

मोजणीचा घोळ

एकूण हाडं २०६, शाळेत पाठ केलेलं. पण चरकानं ३६० मोजली, सुश्रुतानं ३००. चुकले का? चरकाच्या यादीत दात आणि नखंही होती, सुश्रुतानं दात आणि कुर्चा धरल्या. बाळाची मोजली तर आजही तीनशेच्या आसपास भरतात, कारण तुकडे अजून जुळायचे असतात. २०६ पैकी १०६ हाडं नुसत्या हातापायांच्या पंजांत आहेत: हाताच्या पंजात २७, पावलात २६. चिखलात पाय रोवून रोप खोवणाऱ्या मावशी निम्म्याहून जास्त सांगाडा तेवढ्यातच राबवत असतात.

पावलांवरून आठवलं. पुणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. तीनेक हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी आपली माणसं घरातच पुरत. लेकरांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांची पावलं मात्र घोट्याखाली तोडलेली! मेलेला माणूस भूत होऊन चालत परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. एकच गडी निराळा सापडला. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, पाय दुमडून बसलेला, पावलं शाबूत. गावचा पुढारी असावा म्हणतात. त्याच्या भुताला हिंडायची मुभा होती बहुतेक.