हिरडा-बेहड्याचे ऋण आणि औषधनिर्मात्यांचे उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणां सर्वांच्या पठणातील आहे. काम्पिल्य नगरीनजीक गंगातीरी विचरण करीत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. पुढे त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव क्षीण होतील. भूमीचे स्वास्थ्य आणि औषधीचा गुण यांचा हा संबंध आपल्या शास्त्रास नवा नाही. तथापि आज वनस्पती गोळा करणारा, औषध सिद्ध करणारा आणि ते देणारा वैद्य हे तिघे परस्परांना ओळखतही नाहीत. अशा काळात वनांच्या रक्षणाचा भार कोणी व कसा उचलावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रश्न केवढा आहे, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीवरून दिसते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या साहाय्याने झालेल्या या पाहणीत व्यापारातील ९६० वनस्पतींची नोंद झाली. त्यांपैकी १७८ वनस्पतींचा वार्षिक खप १०० टनांहून अधिक होता आणि त्यांतील अवघ्या ३६ मुख्यत्वे लागवडीतून मिळत होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेक अरण्यांतून, माळांवरून व रस्त्यांच्या कडेने गोळा होत होत्या. त्रिफळ्यातील हिरडा आणि बेहडा हेही प्रामुख्याने वनांतूनच येतात.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल अथवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कार्यावर खर्च करावी लागते. पर्यावरणरक्षण त्या कार्यांत समाविष्ट आहे. कर्मचाऱ्यांनी श्रमदान करावे, यास शासनाचे प्रोत्साहन आहे. मात्र त्या श्रमाचे पैशांत मूल्य काढून ते या खर्चात दाखविता येत नाही. तसेच कंपनीच्या नित्य व्यवसायाचा खर्चही यात सामान्यतः धरला जात नाही. आमच्या मते या दोन्ही अटी योग्य आहेत. वनस्पती गोळा करणाऱ्यास दिलेला रास्त भाव हे दान नव्हे. ती औषधाची खरी किंमत आहे.

रोप लावणे आणि वृक्ष राखणे

पावसाळा आला, की वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे निघतात. पुढल्या ग्रीष्मात ती रोपे कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. जेथे स्थानिक लोकांचा स्वार्थ झाडाशी जोडला जातो, तेथे चित्र निराळे दिसते. महिंद्र समूहाने २००७ साली प्रतिवर्षी दहा लक्ष झाडे लावण्याचा संकल्प करून ‘हरियाली’ उपक्रम आरंभिला. त्यात कर्मचारी सहभागी होतात. परंतु त्याचे मोठे काम आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात, नांदी फाउंडेशनच्या सहकार्याने, आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनीवर झाले. तेथे कॉफी व फळझाडे ही त्या कुटुंबांची उपजीविका आहे. म्हणून त्यांची राखण करण्यास वेगळा पहारेकरी लागत नाही.

आपल्या व्यवसायास याहून निकटचे उदाहरण सह्याद्रीतच आहे. उत्तर सह्याद्रीतील पुष्कळ वनक्षेत्र खासगी मालकीचे आहे. फळांना भाव नसला, की मालक झाड लाकडासाठी विकून मोकळा होतो. जुन्या, विशाल बेहड्याच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटे करतो. वृक्ष गेला, की त्याचे घरही जाते. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ने इंग्लंडमधील ‘पुक्का हर्ब्स’ या कंपनीच्या सहकार्याने येथील हिरडा-बेहड्यासाठी ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणन मिळविले. भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी समाजाचे संग्राहकही या कार्यात आहेत. नियम साधे आहेत: फांद्या तोडू नयेत, काही फळे पशुपक्ष्यांसाठी व बीजांकुरणासाठी झाडावर सोडावीत, वाळवण स्वच्छ जागी करावे, मोबदल्यात चांगला भाव मिळावा. फळाला मोल आले, की वृक्ष उभा ठेवणेच लाभाचे ठरते.

आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेकांच्या फार्मसी कायद्याच्या मर्यादेत येत नाहीत. परंतु ऋण नफ्याच्या आकड्यावर ठरत नाही. कच्चा माल खरेदी करताना तो कोणत्या तालुक्यातून, कोणत्या ऋतूत आला आणि गोळा करणाऱ्याच्या हाती काय पडले, हे तीन प्रश्न प्रत्येक औषधनिर्मात्याने व्यापाऱ्यास विचारावेत. एकट्या फार्मसीच्या मागणीस वजन नसेल, तर पाच-दहा फार्मसींनी एकत्र येऊन एखाद्या गावाशी थेट करार करावा.

कर्मचाऱ्यांच्या श्रमदानासही दिशा हवी. एक दिवस खड्डे खणण्यापेक्षा वर्षातून दोनदा त्याच गावी जावे, ग्रामस्थांसमवेत फळधारी वृक्षांची गणती करावी, मागील वर्षीची रोपे किती जगली ते नोंदवावे, वाळवणाचे ओटे बांधून द्यावेत. वैद्याने आपले ज्ञान न्यावे. उत्तम हरीतकी नवी, स्निग्ध, घन, गोल व जड असते आणि पाण्यात टाकली असता बुडते, ही भावप्रकाशातील परीक्षा संग्राहकाच्या अंगणात करून दाखविता येते. सगळी फळे कोवळी असतानाच बाळहिरडा म्हणून तोडली, तर बीज धरण्यास काही उरत नाही, हेही तेथे बोलावे. मात्र कोणते झाड कधी फळते, कोठे फळे कमी झाली, हे त्यांच्याकडून शिकण्याची तयारी आपण ठेवावी.

त्रिफळा चूर्णाची पुडी रुग्णाच्या हाती देताना आपण तिच्या गुणांची हमी देत असतो. ती हमी उभ्या वृक्षावर आणि त्याखाली फळे वेचणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. हिरड्याचा पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जिल्हा शाखेने निदान एका गावाशी असे नाते जोडावे, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधनिर्मात्यांस आग्रहाची विनंती आहे.